धाकटीचा उजवा डोळा

आमच्या घरात जे काही यायचं ते आधी मला मिळायचं. नवं कापड, नवी चप्पल, तव्यावरची पहिली भाकरी, सगळं थोरलीला आधी. धाकटी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिच्या वाट्याला माझे उसवून शिवलेले फ्रॉक आणि माझीच जुनी पुस्तकं. आजारसुद्धा मलाच आधी मिळाला. दिवस मावळला की मी अंगणातल्या बादलीला धडकायचे, आणि आई ओरडायची, "डोळं फुटलं का गं तुजं?" ते खरंच फुटत चालले होते, हे कुणाला ठाऊक! वडील श्रीपूरला साखर कारखान्यात कारकून होते. शेवग्याचा पाला, गाजरं, माशाच्या तेलाच्या गोळ्या, कुणी जे सांगेल ते त्यांनी आणलं. नऊ वर्षांनी धाकटी त्याच बादलीला धडकायला लागली, तेव्हा मात्र आई ओरडली नाही. तिनं बादली उचलून आत ठेवली. माझ्या वेळी बादली हलवायचं कुणाला सुचलं नव्हतं, हे मी अजून विसरलेले नाही.

पुढं मी सोलापुरात एका शाळेत मराठी शिकवायला लागले. काही वर्षांनी वह्या तपासताना ओळी तुटायला लागल्या, मग फळा गेला, मग पोरांचे चेहरे गेले, आणि कुणी काढायच्या आत मीच नोकरी सोडली. आता भर उन्हात खिडकी कुठं आहे एवढं कळतं. बाकी सगळा कारभार कानांचा आणि हातांचा. हे लिहितेय म्हणजे मोबाइलला सांगतेय. तो टाइप करतो आणि नवरा वाचून दाखवतो. यातलं काही काही नवऱ्यालाही पहिल्यांदाच कळणार आहे, तर कळू दे.

धाकटी माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. तिचा नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. उजेडात तिला समोरचं बऱ्यापैकी दिसायचं, बाजूचं नाही. अंधार पडायला लागला की मात्र ती आणि मी सारख्याच. घरात शिरली की ती आधी भिंत चाचपत सगळी बटणं दाबायची. संध्याकाळी आम्ही दोघी हातात हात घालून भाजीला निघालो की गल्लीतली माणसं बाजूला व्हायची. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. आपल्यासारखंच आणखी कुणीतरी आहे, आणि ते आपलंच आहे, यात मोठा आधार असतो.

मग शहरात एक शिबिर झालं. हैदराबादहून डोळ्यांचे डॉक्टर आले होते आणि त्यांच्याबरोबर समजावून सांगायला एक मुलगी होती, मूळची लातूरची. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "आई-वडील नात्यातले होते का?" मी तोऱ्यात सांगितलं, "आई म्हणजे वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी." आमच्याकडं मामाची पोरगी करून आणणं हा दोन्ही घरांचा मान. त्या मुलीनं कागदावर काहीतरी काढलं. धाकटीनं कागद नाकाशी नेऊन पाहिला आणि मला सांगितलं, की आई-आबांच्या मधे दोन रेघा मारल्यात. नात्याबाहेर लग्न केलेल्या बाकीच्या जोडप्यांच्या मधे एकच होती म्हणे.

दोघींचं रक्त तपासायला गेलं. निकाल आला तो एकच, एकच जनुक दोघींच्यात बिघडलेलं. उजेड टिपायला डोळ्याच्या मागच्या पडद्याला जे लागतं ते बनवायची कृती त्या जनुकात असते, आणि आमच्यात ती कृतीच चुकीची उतरली होती. लातूरच्या मुलीनं फोनवर सगळं सावकाश सांगितलं. बरोबर कृती पेशीत पोचवायची, तर ती विषाणूच्या हातून. पेशीत घुसायची त्याला खोडच असते. त्याच्यातलं त्याचं स्वतःचं सगळं काढून टाकायचं आणि आत चांगलं जनुक भरायचं. करंजीतलं सारण बदलावं तसं, हे मी धाकटीला समजावलं. मग बारीक सुईनं तो थेंब पडद्याखाली सोडायचा. हैदराबादला अशा उपचाराची चाचणी चालू होती, एका वेळी एकाच डोळ्याची, आणि दोघींना तपासणीला बोलावलं होतं.

"आदी तुजं होऊ दे ताई," धाकटी म्हणाली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आधी माझंच होणार, हे गृहीतच होतं. मी गल्लीत सांगूनही टाकलं.

हैदराबादच्या त्या दवाखान्यात एक खोली होती. पांढऱ्या जमिनीवर काळे बाण, वाटेत फोमचे ठोकळे, मधेच उंबरठ्याएवढी पायरी. मंद उजेडात त्या बाणांवरून चालत दारापर्यंत जायचं, आणि किती चुकता ते तिथले लोक टिपून घेणार. सुरुवातीला एक बाई हाताला धरून सरावाची फेरी घालते. त्या फेरीत मी पावलं मोजली. चार सरळ, डावीकडं वळा, तीन, पायरी, पुन्हा दोन, उजवीकडं. आयुष्यभर पोरांना घोकंपट्टीवरून रागावले, आणि त्या दिवशी मी स्वतः ओठातल्या ओठात घोकत उभी राहिले. खरी परीक्षा सुरू झाली. मी मान वर करून, जणू सगळं दिसतंय अशा थाटात चार पावलं टाकली आणि डावीकडं वळले ती थेट ठोकळ्यावर. ठोकळे दर वेळी हलवतात, हे मला कुठं माहीत? पडले, उठले, पुन्हा घोकलेलंच चालले, पुन्हा पडले. ती बाई म्हणाली, "पर्वा नाही अम्मा." तिच्या आवाजात हसू असतं तर मला बरं वाटलं असतं.

धाकटीलाही मंद उजेडात जमलं नाही, पण दिवे वाढवल्यावर ती बाणांवरून चालत गेली. मग दोघींच्या पडद्याचे फोटो काढले. दुपारी लातूरच्या मुलीनं आम्हाला समोर बसवलं. "विषाणू जनुक घेऊन दारापर्यंत जाईल हो मॅडम," ती मला म्हणाली, "पण ते घ्यायला घरात कुणीतरी लागतं. तुमच्या पडद्यातल्या पेशी आता उरलेल्या नाहीत. यांच्या अजून आहेत."

यांच्या म्हणजे धाकटीच्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकाच आईच्या पोटच्या आम्ही, एकच रोग, एकच बिघडलेलं अक्षर, आणि फरक काय तर नऊ वर्षं. मी आधी जन्मले म्हणून माझं आधी संपलं. जिला जन्मभर माझं वापरलेलं मिळालं, तिला आता एकदम नवीकोरी नजर मिळणार होती. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही म्हणतात. मला तर ते बघावंही लागणार नव्हतं, तरी ते सहन होईना.

परतीच्या गाडीत धाकटी रडत होती. "तुज्याशिवाय मी न्हाय करून घ्यायची," ती म्हणाली. त्या क्षणी "येडी का काय तू" असं म्हणून तिच्या पाठीत धपाटा घालायला हवा होता. वाडी गेलं, कलबुर्गी गेलं. सोलापूर आल्यावर मी म्हणाले, "बघू."

ते "बघू" मी तीन आठवडे चघळत ठेवलं. तिचा शब्द होता, थोरलीनं हो म्हटल्याशिवाय नाही, आणि ती शब्दाची पक्की, हे मला पुरतं ठाऊक होतं. दवाखान्यातून फोन यायचे, ती टोलवायची. शेवटी तिचा नवरा पाळी संपवून घामेजलेला तसाच माझ्या दारात आला. "ताई, तुमी व्हय म्हणा की एकदा. ती ऐकंना. त्यांनी या आठवड्यात सांगा म्हणलंय, न्हायतर दुसऱ्याला घेत्यात." तेव्हा आमच्या शेजारच्या अक्का ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्यादेखत नाही कसं म्हणणार? मी मोठ्या मनानं हो म्हटलं. ते मोठं मन माझं नव्हतं, अक्कांच्या हजेरीचं होतं.

तिच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पाचव्या दिवशी ती सोलापुरात आली, ती सरळ माझ्याकडं. आई गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे माझंच घर. बाळंतपणं माझ्याकडं झाली, आजारपणं माझ्याकडं झाली, तर हे कुठं जाणार? डोळ्यावर पट्टी, सक्तीची विश्रांती, वेळेवर गोळ्या. तिचं पथ्य मी सांभाळत होते. वरण-भात कालवून देत होते, केस विंचरत होते, आणि मनातल्या मनात जळत होते. अक्का येऊन म्हणायच्या, "केवढं करताय हो बहिणीचं." मी म्हणायचे, "त्यात काय."

दवाखान्यानं एक सूचना दिली होती. पहिले चौदा दिवस तिच्या आसवांतून त्या विषाणूंचा थोडा अंश बाहेर येऊ शकतो, म्हणून डोळा पुसलेले बोळे बंद पिशवीत ठेवायचे, उघड्यावर टाकायचे नाहीत, हात धुवायचे. त्यापासून कुणाला आजार होत नाही, पण काळजी घ्यायची. धाकटी ते बोळे नेमानं झिपच्या पिशवीत टाकायची आणि पिशवी पलंगाच्या पायथ्याशी टांगलेली असायची.

हे आता सांगते. डोळे आले की एकाचे दुसऱ्याला येतात. आमच्या शाळेत सोमवारी एका पोराचे लाल असले, की शनिवारपर्यंत अर्धा वर्ग डोळे चोळत असायचा. माझ्या डोक्यात आलं, वाईट जर असं पसरतं, तर चांगलं का पसरू नये? मला सगळं समजावून सांगितलेलं होतं. तो थेंब पडद्याखालीच जावा लागतो, वरून काही होत नाही, आणि माझ्या पडद्यात घ्यायलाच कुणी नाही. मी ते दुसऱ्यांना समजावूनही सांगितलं होतं. तरी दुपारी धाकटीचा श्वास लांब झाला, की मी पिशवीची झिप हळूच उघडायचे, बोटांनी ओलसर बोळा शोधायचे, आणि खिडकीशी पाठ करून तो माझ्या डोळ्यावर दाबून धरायचे. आधी उजवा, मग डावा. औषधाचा वास यायचा. मी मनात शंभर मोजायचे.

असं तीन दुपारी केलं. चौथ्या दिवशी माझा उजवा डोळा चिकटायला लागला. नवऱ्याला मी सांगितलं, धूळ गेली. आणि खोटं कशाला बोलू, त्या चिकटण्यानं मला आशा वाटली. काहीतरी होतंय, असं वाटून मी संध्याकाळभर खिडकीकडं तोंड करून बसले.

पाचव्या दुपारी मी पिशवीला हात घातला तर पिशवी जागेवर नव्हती. पलंगावरून धाकटीचा आवाज आला, झोपेचा नाही, चांगला जागा आवाज. "पिशवी हितं उशाला घेतलीय ताई." एवढंच. दिवसा तिच्या डाव्या डोळ्याला समोरचं दिसायचं, आणि मी तिच्या समोरच उभी राहून हे सगळं करत होते. ती ओरडली असती, हसली असती, तर मी भांडले तरी असते. तिनं विचारलं, "चा करतीस का?" मी चहा केला. त्यात साखर घालायची राहिली, आणि तिनं तो तसाच प्यायला.

पट्टी निघाली. हैदराबादच्या फेऱ्या झाल्या. दीड महिन्यानं ती माझ्याकडं आली, भिंत चाचपत बटणं दाबली, आणि शेजारी बसून म्हणाली, "काय फरक न्हाय गं ताई. हाय तसंच हाय."

मला हायसं वाटलं. इतकं हायसं, की मी तिला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिले. होईल गं, नशिबात असलं तर होईल, डॉक्टरांच्या हातात का सगळं असतं. माझ्या आवाजात असा गोडवा कित्येक महिन्यांत आला नव्हता. दुसऱ्या दिवशी सणवार नसताना मी पुरण घातलं. नवऱ्यानं विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हणाले, "सहज." ते नुसतं "बरं" म्हणून जेवले. पुढचे चार-पाच महिने माझ्यासारखी प्रेमळ बहीण सोलापुरात दुसरी नसेल. संध्याकाळी हातात हात घालून आम्ही पुन्हा भाजीला जायला लागलो.

मग संक्रांतीच्या आधीचा एक दिवस. शेंगाच्या चटणीसाठी दाणे भाजून ठेवले होते. धाकटी दुपारी चारला आली. आम्ही मागच्या खोलीत बसलो. मी दाणे चोळून साल काढत होते आणि ती निवडत होती. चांगले परातीत, खवट आणि किडके वाटीत. बोलण्याला खंड नव्हता. तिच्या नणंदेचं काय झालं, पोरानं शाळेत काय केलं, दवाखान्याचा फोन आला होता पण "काय फरक न्हाय म्हणून सांगितलं मी." मधूनमधून वाटीत दाणा पडल्याचा टक् आवाज यायचा.

मागच्या दारातून अक्कांचा आवाज आला. त्या विरजणाला दही मागायला आल्या होत्या. "अगोबाई, दिवा नाही काय नाही, काळ्याकुट्ट अंधारात काय करताय हो दोघी?"

वाटीतला टक् थांबला.

मी उठून चाचपत अक्कांना दही दिलं. त्या गेल्या. "लावती की दिवा," धाकटी घाईनं म्हणाली आणि उठायला लागली. "राहू दे," मी म्हणाले. मी तिच्या पुढ्यातली वाटी ओढून घेतली आणि त्यातला एक दाणा तोंडात टाकला. कडू. दुसरा टाकला. कडू. तिसरा, चौथा, तळातले, वरचे, अक्का यायच्या आधी अगदी शेवटी पडलेले. एकही चांगला दाणा चुकून वाटीत गेला नव्हता. मग परातीतले मूठभर खाल्ले. एकही खवट लागला नाही. हाताला खवट दाणा कळत नाही. मी जन्मभर करते, मला माहीत आहे.

"कदीपासनं?" मी विचारलं.

तिनं परात बाजूला सरकवली. मग म्हणाली, "पट्टी काढल्यावर पंधरा दिवसांनी."

"आणि माझ्याकडं येऊन भिंती चाचपत होतीस."

"व्हय."

"तुज्या नवऱ्याला ठाऊक हाय?"

"हाय." मग म्हणाली, "दाजींना पण सांगितलंय. मीच म्हणलं, ताईला नका सांगू."

म्हणजे पुरण घातलं त्या दिवशी नवऱ्याला सगळं माहीत होतं, आणि त्यांनी गुमान दोन पोळ्या खाल्ल्या. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. माझा मत्सर मी अगदी कुलूप लावून ठेवला होता, अशी माझी समजूत. आणि इथं दोन घरं मिळून त्याला औषधपाणी करत होती. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला उजेड ही पोरगी माझ्या उंबऱ्याबाहेर ठेवून आत यायची आणि माझ्यासाठी आंधळी व्हायची. पाच महिने. माझ्या हातात हात घालून भाजीला निघाली की सगळी गल्ली दिसत असताना माझ्याबरोबर ठेचकाळायची.

"तुला वाईट वाटंल म्हणून गं," ती रडायला लागली.

"वाटतंयच की," मी म्हणाले. "लई वाटतंय. जळतीय मी, जन्मभर जळणार हाय. तू कशाला तुजं झाकतीस? सांग मला काय दिसतंय ते."

"आत्ता?"

"आत्ता. या अंधारात."

तिनं नाक ओढलं. मग सांगायला लागली. मागच्या दारातून अक्कांच्या गच्चीवरची तार दिसतेय, तारेवर चार टॉवेल आहेत, एक खाली पडलाय. आभाळ अजून पुरतं काळं नाही, खालच्या बाजूला जांभळट आहे. ओट्यावर घासणी आणि तिच्याशेजारी मुंगळा, तो चालतोय. माझ्या हाताला दाण्यांची साल चिकटलीय, कोपरापर्यंत. मुंगळासुद्धा मला सोसला नाही. ती थांबली की मी म्हणायचे, "पुढं?"

पुढच्या दारात चपला वाजल्या. नवरा कामावरून आला होता. आम्हाला अंधारात बसलेलं पाहून ते खोलीच्या दारातच थबकले असावेत, आणि मग बटणाचा आवाज झाला.

"बंद करा तो," मी म्हणाले. "तिला अंधारात दिसतंय, मला सांगतीय ती."